रेघ मारण्याआधी माग पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुनर्विकासाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं थेट 'फ्लॅट किती चौरस फुटांचा' यावर येतं. त्याआधी नकाशावर एक रेघ पडलेली असते, कोणती वस्ती आत आणि कोणती बाहेर ते ठरवणारी. तिच्याविषयी गल्लीत कुणी बोलत नाही.

कर्नाटकात वस्तीला झोपडपट्टी ठरवलं जातं ते १९७३ च्या झोपडपट्टी (सुधारणा व निर्मूलन) कायद्याने. कलम ३ मधली कारणं वाचून पाहावीत: सखल जागा, अस्वच्छता, दाटी, मोडकळीस आलेली घरं, अरुंद रस्ते, उजेड-वारा नसणं. नुसती दाटी आणि अरुंद रस्ते बघायचे म्हटलं तर भांदूर गल्लीपासून शहापूरपर्यंत निम्मं जुनं बेळगाव आत जाईल! नाल्याचं पाणी घरात शिरतं ती वस्ती आणि भिंतीला भिंत लागून असलेली धडधाकट घरं एकाच मापाने मोजू नयेत. कलम ३ खाली वस्ती झोपडपट्टी म्हणून जाहीर झाली की नळ, गटार, दिवे अशा सुधारणा करता येतात, घर जागेवर राहतं. कलम ११ खाली 'निर्मूलन क्षेत्र' जाहीर झालं की पाडापाडी आलीच.

वडगाव, खासबागेत कित्येकांच्या घरातच माग आहेत. सर्वेक्षणात डोकी मोजतील, खोल्या मोजतील. मागाची खोली कुठल्या रकान्यात घालणार? चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यंत्रमाग चढत नाही, आणि चढवलाच तर खालचा शेजारी दुसऱ्या दिवशी पोलिसांत जाईल. विणकराचं घर पाडलं की त्याच दिवशी त्याची मजुरी बंद. तेव्हा कामाची जागा वेगळी नोंदवूनच हद्द ठरवावी.

भाषेचंही आहेच. भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असं १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलं होतं. आम्ही कन्नड वाचतो हो, पण कायद्याचं कन्नड कन्नडिगांनाही जड जातं. वस्ती झोपडपट्टी ठरवण्याची नोटीस नकाशासह, मराठीतही, रेघेच्या आतल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लावावी. आक्षेपांसाठी निदान महिनाभर द्यावा आणि मराठीतले अर्ज परत पाठवू नयेत.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव