अण्णा, निकाल लागून महिना झाला

मिरज,
रविवार, रात्री अकरा

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्राचं हे काय नवीन, असं आई म्हणेल. फोनवर सांगायचं म्हणून तीनदा मनाची तयारी केली आणि तिन्ही वेळा बेदाण्याला काय दर निघाला ते विचारून फोन ठेवला. निकाल लागून महिना झाला. तुम्ही विचारलंत की 'अजून यायचाय' म्हणायचो, ते खोटं होतं.

ब्रिटनला नर्स म्हणून जायला मी दिलेल्या या इंग्रजीच्या ओईटी परीक्षेत पास-नापास असं लिहून येत नाही. प्रत्येक भागाला ५०० पैकी आकडा येतो. ऐकण्यात ३७०, वाचण्यात ३५०, लिहिण्यात ३२०, बोलण्यात ३३०. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला लिहिण्यात ३०० चालतात, बाकी तिन्हींत ३५० लागतात. म्हणजे अडलं ते बोलण्यात, २० मार्कांनी. लहानपणी हा पोरगा जरा गप्प बसावा म्हणून आईनं नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता, आणि तोच बोलण्यात अडकला!

मामा म्हणत होते, चार वर्षं बी.एस्सी. इंग्रजीतून शिकलास, मग पुन्हा इंग्रजीची परीक्षा कसली? मलाही आधी तसंच वाटायचं. पण पुस्तकं इंग्रजीत होती, वॉर्ड मराठीत होता. औषधांची नावं सोडली तर पेशंटशी इंग्रजीत एक वाक्य मी कधी बोललो नव्हतो. आणि भाषा नसली की काय होतं ते मिरजेत कळायला वेळ लागत नाही, इथं निम्मा वॉर्ड कर्नाटकातून आलेला. गेल्या महिन्यात अथणीकडची एक आजी रात्रभर 'नोवु, नोवु' करत होती. नोवु म्हणजे दुखणं, एवढं मला येतं. पण कुठं, ते तिला सांगता येईना आणि मला विचारता येईना. आम्ही आपले कंबर बघतोय, पोट दाबून बघतोय. शेवटी कँटीनमधल्या पोराला उठवून आणलं तेव्हा समजलं, पायाचं प्लास्टर आतून आवळत होतं. तिकडं गेलो तर पलंगावर त्यांची आजी असेल आणि भाषा न येणारा ब्रदर मी असेन. म्हणून परीक्षा घेतात त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्या बॅचचा एक जण आयईएलटीएसकडं गेला, ती सगळ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. त्यात तक्ते, आलेख, कुठल्याही विषयावरचे निबंध. ओईटी मुळात ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात दवाखान्यातल्या लोकांसाठीच तयार झाली, म्हणून मी ती घेतली. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओ धरून बारा व्यवसायांचे लिहिण्या-बोलण्याचे वेगवेगळे पेपर. लिहायचं तेही पत्रच असतं. पेशंटची टिपणं देतात, ती पाच मिनिटं वाचायची आणि चाळीस मिनिटांत पुढच्या नर्सला किंवा डॉक्टरला कळवायचं, साधारण दोनशे शब्दांत. तीन महिने असली पत्रं लिहितोय. घड्याळ न लावता लिहिलेलं हे पहिलंच.

बोलण्याचा भाग असा असतो. हातात एक कार्ड येतं, वाचायला तीन मिनिटं. समोरची व्यक्ती पेशंट होते, नाहीतर नातेवाईक, आणि पाच मिनिटं बोलायचं. असे दोन प्रसंग. ती व्यक्ती मार्क देत नाही, सगळं रेकॉर्ड होतं आणि तपासणारे वेगळेच. मी खोलीबाहेर आलो तो खुशीत. कुठं अडखळलो नाही, व्याकरण बरं होतं. रात्रीच्या महालक्ष्मीनं परत येताना झोपही छान लागली.

निकालानंतर क्लासच्या मॅडमनी सरावाचं माझं एक रेकॉर्डिंग लावलं. त्या मूळच्या केरळच्या, पण इतकी वर्षं मिरजेत काढल्यात की रागावतात मराठीत. म्हणाल्या, "पाच मिनिटांत चार वेळा 'डोन्ट वरी' म्हणालास. ती बाई कशाला घाबरलीय, हे एकदा तरी विचारलंस का?" मी ऐकत बसलो. खरंच विचारलं नव्हतं. 'मला या गोळ्यांचं जरा...' एवढं तिचं होतंय तोवर मी गोळ्यांचे फायदे सांगून मोकळा.

अण्णा, आपल्याकडं 'घाबरू नका, काही होत नाही' हे धीर द्यायलाच म्हणतात. मी रोज पन्नास वेळा म्हणतो आणि लोकांना बरंही वाटतं. पण या परीक्षेत त्याचा अर्थ 'तुमचं तुमच्याजवळ ठेवा' असा होतो. आधी विचारायचं, तुम्हाला याबद्दल काय माहीत आहे, कशाची काळजी वाटते. मग थांबायचं. मग सांगायचं. आणि पेशंटला काय वाटतं ते समजून घेतलं का, याचे वेगळे मार्क असतात. सुरुवातीला मला हे सगळं नाटकी वाटलं. 'तुम्हाला काळजी वाटतेय हे मला दिसतंय' असं आपल्यात कोण बोलतं? आपण 'बसा, पाणी घ्या' म्हणतो, त्यात सगळं आलं. अजूनही ते वाक्य म्हणताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं. शब्दांचीही गंमतच. 'पेशंट एक्स्पायर झाला' असं आम्ही सर्रास लिहितो. मॅडम म्हणतात, तिकडं दूध एक्स्पायर होतं, माणूस नाही.

पण परवा हे सगळं मराठीत करून बघितलं. ड्रेसिंगला हात लावू न देणारे एक म्हातारबा होते. नेहमीसारखं 'काही होत नाही हो' म्हणायच्या ऐवजी स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, कशाची भीती वाटते? म्हणाले, मागच्या वेळी पट्टी सुकलेली तशीच ओढली होती. मी सलाईनचं पाणी सोडून सोडून पट्टी भिजवली, मग काढली. वेळ दहा मिनिटं जास्त गेला. सिस्टर इन्चार्जनी बोलून घेतलं, ते वेगळं.

त्या रात्री दिवाळी आठवली. पाहुण्यांसमोर मी तुमचं शुगरच्या गोळ्यांचं पाकीट पालथं केलं, मोजल्या, अकरा जास्त निघाल्या. मग जे सुरू झालो ते किडनी, डोळे, पाय, सगळं मोजून दाखवलं. तुम्ही काही बोलला नाहीत. टोपी घातली आणि बागेकडं गेलात. आई मला चहा द्यायचं विसरली त्या दिवशी, मुद्दामच विसरली असणार.

आता पैशाचं. बेदाण्याच्या पैशाला हात लावायचा नाही. फीला माझा जवळजवळ एक पगार जातो, तो मी साठवलाय. एका एजंटचा फोन आला होता, तीन लाख द्या, परीक्षेचं आम्ही बघतो म्हणाला. ब्रिटनमधल्या नोकरीसाठी एजन्सीनं नर्सकडून पैसे घ्यायचे नाहीत, असा तिकडचाच नियम आहे. मी फोन ठेवला. तो घरी फोन करेल, आई, तू त्याला माझा पत्तासुद्धा सांगू नकोस.

दुसऱ्यांदा चारही पेपर द्यावे लागतील. बरं एवढंच, की दोन परीक्षा १२ महिन्यांच्या आत असतील तर कौन्सिल दोन्हींचे मार्क जोडून बघतं, फक्त कुठं फार खाली घसरायचं नाही. म्हणजे बोलण्यात ३५० आणायचे आणि बाकीचं सांभाळायचं. त्यानंतर कॉम्प्युटरवरची परीक्षा आहे, आणि तिकडं पोचल्यावर प्रत्यक्ष काम करून दाखवायची आणखी एक. ते पुढचं पुढं. मामांना एवढ्यात काही सांगू नका, त्यांना मी भेटून सांगेन.

आई, मागच्या वेळचं भडंग संपलं. रूममधल्या दोघांनीच संपवलं.

तुमचा,
बाळू

ता. क. अण्णा, दुपारची गोळी तुम्ही का सोडली, हे मी अजून विचारलेलंच नाही. पुढच्या रविवारी सुट्टी आहे, सकाळच्या एसटीनं येतो. शेडवर बसून सांगा. मी मध्ये बोलणार नाही.