थायलंडचा इतिहास रामकथेपासून सुरू होत नाही

महोदय,

थायलंडवर मराठीत काहीही छापून आले की अयोध्येवरून नाव पडलेली जुनी राजधानी आयुथया, राजाला ‘राम’ ही पदवी आणि बँकॉकच्या विमानतळावरचे समुद्रमंथन हे ठरलेलेच. यातले काही खोटे नाही. पण भारतातून संस्कृती जाईपर्यंत तिथे नुसते रान माजले होते, असा समज त्यातून पसरतो. तो तिथल्या माणसांवर अन्याय करणारा आहे.

ईशान्य थायलंडात उदोन थानी प्रांतात बान चियांग नावाचे गाव आहे. १९६६ साली एक अमेरिकी विद्यार्थी तिथे झाडाच्या मुळाला अडखळून पडला आणि त्याला जमिनीतून वर आलेले भांड्यांचे काठ दिसले. १९७४-७५ मध्ये रीतसर उत्खनन झाले. दफने, कांस्याच्या वस्तू, पिवळट मातीवर तांबड्या रंगाची वळणदार नक्षी असलेली मडकी, असे बरेच काही निघाले. तिथल्या कांस्याचा काळ आधी इ.स.पू. ३६०० पर्यंत मागे नेला गेला होता, पुढे तो टिकला नाही. आज काही संशोधक इ.स.पू. २००० च्या आसपासचा, तर काही १००० च्या आसपासचा मानतात. यातला अलीकडचा धरला तरी भारतीय व्यापाऱ्यांची चाहूल लागण्याआधी कित्येक शतके तिथे भात पिकवणारे, कांस्य ओतणारे लोक गावे वसवून राहत होते.

तिथे तान्ही मुले मडक्यात ठेवून पुरलेली सापडली. शिरूर तालुक्यातल्या इनामगावातही ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली अशीच कुंभदफने निघाली आहेत. दोघांचा एकमेकांशी संबंध होता असे मला म्हणायचे नाही. पण इनामगावच्या आईबापांचे दुःख आपल्याला कळते, तर बान चियांगचे का कळू नये?

बान चियांगचे हे लोक थाई भाषा बोलत नव्हते, हेही सांगायला हवे. सहाव्या ते अकराव्या शतकातले द्वारावती हे राज्य मोन लोकांचे, म्हणजे थाईहून वेगळी भाषा बोलणाऱ्यांचे. नाखोन पाथोमची दगडी धर्मचक्रे त्यांची. ताई भाषक दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या बाजूने हळूहळू खाली उतरले आणि तेराव्या शतकात सुखोथाईचे राज्य उभे राहिले. (१२२८ मध्ये आसामात आलेले आहोम त्याच भाषाकुळातले.) आजच्या थायलंडचा वारसा या सगळ्यांचा आहे.

बान चियांगची मडकी चोरवाटेने परदेशी संग्राहकांकडे इतकी गेली की १९७२ मध्ये तिथल्या विनापरवाना खोदकामावर बंदी घालावी लागली. १९९२ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. आपल्या किती वाचकांनी त्याचे नाव ऐकले असेल?

पर्यटन पुरवणीत यावर पुरातत्त्वाच्या अभ्यासकाकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती. सहल कंपन्यांनाही सांगणे आहे, बँकॉकचा राजवाडा दाखवता तेव्हा सनाम लुआंग मैदानालगतच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी दोन तास काढा. बान चियांगची मडकी आणि सुखोथाईचा राजा रामखाम्हेंग याचा १२९२ चा शिलालेख तिथे पाहता येतो. संग्रहालय सोमवारी-मंगळवारी बंद असते, तेवढे वार टाळा.

— एक वाचक, पुणे