मांडी घालायची घाई नको

प्रिय वसू,

सप्रेम नमस्कार.

खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन होऊन हातातली काठी सुटते न सुटते तोच वज्रासनात बसू का म्हणून विचारतेस, म्हणजे तब्येत ताळ्यावर आली म्हणायची! पण आधी मला सांग, डॉक्टरांनी तुझा खुबा मागून उघडला की पुढून? सगळं तिथेच ठरतं.

माझा मागून उघडला होता. त्यात मांडी पोटाकडे काटकोनापलीकडे आणायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. हे एकत्र घडलं की नवा गोळा वाटीतून मागे निसटू शकतो. म्हणून पश्चिमोत्तानासन, पवनमुक्तासन, गरुडासन, गोमुखासन बाद. पुढून उघडला असेल तर भीती उलटी: पाय मागे ताणून बाहेर वळवणं वाईट. तिथे उष्ट्रासन, सेतुबंधासन आणि वीरभद्रासनातला मागचा पाय जपायचा. तेव्हा शेजारणीला चाललं ते तुला चालेलच असं नाही. साधारण पहिले सहा ते बारा आठवडे फार जपायचे. पुढची मोकळीक डॉक्टरांनीच द्यायची.

वज्रासनाचं म्हणशील तर बसण्यापेक्षा जमिनीवर उतरताना आणि उठतानाच खुबा जास्त वाकतो. तूर्त जमीन विसर. खुर्चीवर योग म्हणजे म्हातारपणाची तडजोड असं तुला वाटतं ना? अगं, पुण्यात अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, विटा, पट्टे, लोड हे सगळं आसनांत आणलं, तेही तरण्याताठ्यांसाठीसुद्धा. खुर्ची मात्र उंच हवी, गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील अशी, आणि चाकांची मुळीच नको. तिच्यावर ताठ बसून अनुलोम-विलोम कर. ओट्याला धरून ताडासन कर. शवासन पलंगावरच, आणि कुशीवर वळायचं तर गुडघ्यांमध्ये उशी घेऊन.

क्लासला गेलीस तर आधीच सांगून ठेव, पाठीवर हात ठेवून ‘अजून थोडं’ म्हणत दाबायचं नाही. दुखेपर्यंत जायचं, मग थांबायचं, हा आपला जुना हिशेब इथे उपयोगाचा नाही. सांधा निखळताना आधी सांगत नाही. एकदम कळ येऊन पाय टेकवेनासा झाला, आखूड वाटला, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर तेल चोळत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

गणपतीच्या पूजेला यंदा पाट सुनेला दे.

ऑपरेशन मागून की पुढून, हे डिस्चार्ज कार्डावर असेल. नसलं तर पुढच्या तपासणीला विचारून मला फोन कर, मग कुठली आसनं घ्यायची ते बघू.

तुझी,
नलू