कुलगुरूंच्या पत्रात मागच्या पत्राचा हिशेब हवा

संपादक महोदय,

शैक्षणिक वर्ष सुरू झाले की, विद्यापीठाचा वर्धापनदिन आला की किंवा पदावर एखादे वर्ष पूर्ण झाले की कुलगुरू पत्र लिहितात. ते संकेतस्थळावर ‘मनोगत’ म्हणून चढते, महाविद्यालयांना ईमेलने जाते आणि त्याचीच प्रेसनोट आपल्या कार्यालयात येते. मजकूर साधारण ठरलेला असतो: इतके सामंजस्य करार, इतकी चर्चासत्रे, इतकी पेटंट, नव्या इमारतीचे भूमिपूजन, युवा महोत्सवातली पदके. वाचून झाल्यावर विद्यापीठ गेल्या वर्षीपेक्षा पुढे सरकले की मागे, हे मात्र कळत नाही. गेल्या वर्षीच्या पत्रात काय सांगितले होते, त्याचा या पत्रात उल्लेखच नसतो.

महाराष्ट्रात हे अधिक अडचणीचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची (किंवा वयाच्या ६५ वर्षांपर्यंत, जे आधी येईल ते) आणि पुनर्नियुक्ती नाही. म्हणजे दर पाच वर्षांनी पाटी कोरी. आधीच्या कुलगुरूंनी जाहीर केलेले वसतिगृह, संगणकीकरण, संशोधन केंद्र यांचे काय झाले हे सांगायला नवे कुलगुरू बांधील नाहीत, आणि जुने तोवर निघून गेलेले असतात. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे अध्यक्ष होते. तिथे अध्यक्षांचा वार्षिक अहवाल आणि कोषाध्यक्षांचा हिशेब एकाच बांधणीत छापला जाई. एकाच माणसाने इतकी वर्षे खुर्चीवर बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण शब्द आणि जमाखर्च एका पुठ्ठ्यात बांधण्याची ती रीत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे वार्षिक अहवाल अधिसभेपुढे जातो, लेखे वेगळे जातात आणि पत्र तिसऱ्याच वाटेने, जनसंपर्क कक्षातून निघते.

पत्र बिघडते ते तिथूनच. प्रत्येक विभागाला ‘वर्षभरातील ठळक कामगिरी पाठवा’ असे परिपत्रक जाते. विभागप्रमुख दोन परिच्छेद पाठवतात, त्यातले वजनदार शब्द उचलले जातात. परीक्षा विभागाकडून क्वचितच काही येते, कारण ‘ठळक कामगिरी’ या मथळ्याखाली त्यांनी लिहायचे काय? आणि विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी खरा संबंध येतो तो परीक्षा विभागाशीच.

म्हणून पत्रात पहिला आकडा निकालाचा हवा. कायद्याने शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवस ओलांडायचे नाहीत. ओलांडलेच तर कारणांचा सविस्तर अहवाल कुलपतींकडे पाठवायचा. शिवाय नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) आजवरच्या नमुन्यात विद्यापीठांना शेवटच्या परीक्षेपासून निकालापर्यंतचे सरासरी दिवस आणि मूल्यमापनाबद्दलच्या तक्रारींचे परीक्षार्थींशी प्रमाण द्यावे लागते. म्हणजे माहिती गोळा करायला नवे काही करावे लागत नाही. ती गुणवत्ता हमी कक्षाच्या फायलीत आहे, पत्रात नाही.

पण सरासरीवर थांबू नये. समजा दहा परीक्षा झाल्या. आठांचे निकाल ३०व्या दिवशी लागले, दोनांचे ८५व्या दिवशी. सरासरी येते ४१ दिवस. कागदावर सगळे कायद्यात बसले. त्या दोन परीक्षा मोठ्या अभ्यासक्रमांच्या असतील तर निम्मे विद्यार्थी त्यांतच अडकलेले असू शकतात. तेव्हा पत्रात लिहायचे ते असे: एकूण परीक्षा किती, ३० दिवसांत किती, ३१ ते ४५ मध्ये किती, त्यापुढे किती आणि त्यापुढच्यांत परीक्षार्थी किती. त्यातही ‘निकाल जाहीर’ म्हणजे काय ते सांगावे. ऑनलाइन निकाल लागला आणि हजारोंचा निकाल राखून ठेवला, तर तो जाहीर झाला असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या डोळ्यांत धूळफेक. राखीव निकालांची संख्या, गुणपत्रिका महाविद्यालयात पोचल्याची तारीख, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, त्यांतले गुण बदललेले अर्ज आणि त्याला लागलेले दिवस, इतके आले की पुरे.

उशिराची कारणेही ठरलेली आहेत आणि ती पत्रात लिहिता येतात. महाविद्यालये परीक्षकांना कार्यमुक्त करत नाहीत, म्हणून मूल्यमापन केंद्रात गठ्ठे पडून राहतात. अंतर्गत गुण मुदतीत भरले जात नाहीत. पात्रता प्रलंबित असल्याने विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) निघत नाही, किंवा आसन क्रमांक आणि पीआरएन जुळत नाहीत. गैरहजेरीचे अहवाल परीक्षा केंद्राकडून चुकीचे येतात आणि हजर मुलगा गैरहजर दिसतो. यातले निम्मे दोष महाविद्यालयांचे असतात. कुलगुरूंनी ते जाहीरपणे लिहिले तर पुढच्या हंगामात प्राचार्य जागे होतील. ‘तांत्रिक अडचणींमुळे’ एवढे लिहिले तर कोणालाच काही लागत नाही.

‘डिजिटल मूल्यमापन सुरू केले’ हे वाक्य कामगिरी म्हणून येते तेव्हा २०१७ आठवावे. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उन्हाळी परीक्षेच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला घेतल्या. स्कॅनिंग, बारकोड, प्राध्यापकांची तयारी सारे एकाच हंगामात. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पद्धत वाईट नव्हती. पुरेशी तयारी न करता सगळीकडे लावली, ही चूक होती. पत्रात योजनेच्या नावापुढे ती किती उत्तरपत्रिकांवर चालली आणि आधीपेक्षा किती दिवस वाचले, हे दोन आकडे असावेत.

आता नोकऱ्यांची टक्केवारी. इथे सगळा खेळ छेदाचा आहे. समजा अंतिम वर्षाला ४०० विद्यार्थी आहेत. गुणांच्या अटीत २५० बसले, १५० जणांनी नोंदणी केली, ९५ जणांना नोकरी मिळाली. काहींना दोन-दोन ठिकाणांहून पत्रे आल्याने नेमणूकपत्रे झाली १२०. पत्रात येते ‘८० टक्के प्लेसमेंट’, म्हणजे १२० भागिले १५०. माणसे मोजली तर नोंदणी केलेल्यांपैकी ६३ टक्के, पात्र असलेल्यांपैकी ३८ आणि वर्गातल्या सगळ्यांपैकी २४ टक्क्यांहूनही कमी. चारही आकडे ‘खरे’ आहेत. उच्च शिक्षणाला गेलेल्यांचा रकाना वेगळा हवा, नाहीतर ते बेकारांत धरले जातात. पगार सांगायचा तर मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, सांगावा. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची संस्था-क्रमवारी अभियांत्रिकीसाठी मध्यक पगारच मागते. एका मुलाला मिळालेले ‘सर्वाधिक पॅकेज’ हे उरलेल्या ९४ जणांबद्दल काहीच सांगत नाही.

एनआयआरएफचा क्रमांक सांगतानाही घटकांचे गुण द्यावेत. विद्यापीठांसाठी अध्यापन व साधने ३०, संशोधन ३०, पदवीची फलनिष्पत्ती २०, सर्वसमावेशकता १० आणि प्रतिमा १० टक्के अशी वाटणी असते. क्रमांक सुधारला पण अध्यापनाचे गुण घसरले, असे होऊ शकते, आणि कारण बहुतेकदा शिक्षकांच्या रिक्त जागा हेच असते. ‘आमचे इतके प्राध्यापक’ असे लिहून भागत नाही. मंजूर पदे, भरलेली पदे, कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे असे चार आकडे वेगळे लिहावे लागतात, तेही संकुलातल्या विभागांचे. संलग्न महाविद्यालयांचे लाखो विद्यार्थी मोजायचे आणि वसतिगृहाच्या खोल्या फक्त संकुलातल्या सांगायच्या, अशी सरमिसळ सर्रास होते.

आकडे फुगले की पितळ कसे उघडे पडते, हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दिसले. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के असल्याचे विद्यापीठ सांगत होते. तिथल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने २०२२ मध्ये विद्यापीठाच्याच वेळापत्रकांवरून मोजले, तर ते ६३ ते ६७ च्या दरम्यान निघाले. विद्यापीठाला चूक मान्य करावी लागली आणि एका खासगी क्रमवारीतले त्याचे स्थान दुसऱ्यावरून अठराव्यावर गेले. आपल्याकडेही वेळापत्रके भिंतीवर लावलेली असतात. मोजणारा कधीही निघू शकतो.

संकुलातल्या जीवनाविषयी पत्रात एक छायाचित्र आणि एक विशेषण असते. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. वसतिगृहाची क्षमता, अर्ज, दिलेले प्रवेश आणि प्रतीक्षा यादी. ‘पॅरासाइट’ म्हणून, म्हणजे स्वतःला प्रवेश नसताना मित्राच्या खोलीत राहणाऱ्या मुलांचा प्रश्न प्रत्येक रेक्टरला ठाऊक असतो. तो जागा अपुऱ्या असल्याचा पुरावा आहे, शिस्तीचा विषय नंतर. कमवा व शिका योजनेत किती जण, आणि त्यांचे मानधन महिना संपल्यावर किती दिवसांनी हातात पडते. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे. एवढ्या ओळींतून संकुल डोळ्यांपुढे उभे राहते.

तक्रारींबाबत मात्र शून्य हा आकडा मिरवू नये. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी अंतर्गत समितीने ९० दिवसांत पुरी करायची असते. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि अपील लोकपालांकडे जायचे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम सांगतात. हजारो विद्यार्थ्यांच्या संकुलात वर्षभरात एकही तक्रार नसेल तर समितीचा पत्ताच कोणाला ठाऊक नाही, हा अर्थ आधी तपासावा. आलेल्या, मुदतीत निकाली निघालेल्या आणि मुदतीबाहेर गेलेल्या अशा तीन संख्या द्याव्यात. नावे किंवा ओळख पटेल असे तपशील अर्थातच नकोत. विभाग लहान असेल तर विभागवार आकडाही देऊ नये, कारण एका तक्रारीवरूनही ओळख पटते.

पीएच.डी.चेही तसेच. ‘यंदा इतक्या पदव्या’ यापेक्षा प्रबंध सादर झाल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंत किती महिने गेले, हे सांगावे. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत व्हायला हवी. परीक्षकांकडून होकार न येणे हे नेहमीचे कारण; किती प्रबंधांना पहिल्या यादीतले परीक्षक मिळाले नाहीत, हे परीक्षा विभाग अर्ध्या दिवसात काढून देऊ शकतो.

पैशांच्या बाबतीत तीन क्रियापदे वेगळी ठेवावीत: मंजूर, प्राप्त, खर्च. पीएम-उषा या उच्च शिक्षणासाठीच्या केंद्रीय योजनेच्या ‘मेरू’ (बहुविद्याशाखीय शिक्षण व संशोधन विद्यापीठ) घटकात एका विद्यापीठाला १०० कोटी रुपये मंजूर होतात, त्यात केंद्र आणि महाराष्ट्राचा वाटा ६०:४० असतो आणि पैसा हप्त्याहप्त्याने येतो. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) गेले नाही तर पुढचा अडतो. मंजुरीच्या वर्षी ‘१०० कोटी मिळाले’ असे लिहिणारे पत्र तीन वर्षांनी त्यातून काय उभे राहिले हे लिहीत नाही. सामंजस्य करारांनाही हीच फूटपट्टी लावावी: आजवर किती झाले, किती चालू आहेत, त्यातून गेले आणि आले किती विद्यार्थी.

हे सगळे दोन पानांत बसते. अर्धे पान मजकूर आणि दहा-बारा ओळींचा तक्ता. तक्त्यात चार रकाने: गेल्या वर्षी काय सांगितले होते, प्रत्यक्षात काय झाले, पुढच्या वर्षी किती, जबाबदार अधिकारी कोण. ओळी दर वर्षी त्याच राहाव्यात. सोयीची ओळ घातली आणि गैरसोयीची काढली की तक्ता निरुपयोगी होतो. सगळे आकडे एकाच तारखेचे असावेत आणि ती तारीख वर छापावी. जुना आकडा दुरुस्त करावा लागला तर गुपचूप बदलू नये, तळाशी टीप द्यावी. परीक्षा संचालक, वित्त व लेखा अधिकारी आणि कुलसचिव यांनी आपापल्या ओळींवर सही केल्याशिवाय जनसंपर्क कक्षाने मसुद्याला हात लावू नये. पहिल्या वर्षी काही रकाने रिकामे राहतील. ते रिकामे छापावेत.

फाइल स्कॅन केलेल्या चित्राची नको, युनिकोड मराठीत हवी, म्हणजे शोधता येते आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या वाचक-प्रणालीलाही वाचता येते. संकेतस्थळाचे नूतनीकरण झाले की जुनी पत्रे गायब होतात आणि नव्या कुलगुरूंचे एकटे छायाचित्र उरते. म्हणून सर्व पत्रे वर्षवार एकाच कायम पत्त्यावर, आधीच्या कुलगुरूंच्या नावासह ठेवावीत.

आपल्यालाही एक विनंती. प्रेसनोट आली की छापण्याआधी विद्यापीठाकडून दोन गोष्टी मागवाव्यात: प्रत्येक टक्केवारीचा छेद आणि गेल्या वर्षीचे पत्र. गेल्या वर्षीचे पत्र बहुधा आपल्याच जुन्या अंकात, बातमीच्या रूपात सापडेल.

— विद्यापीठीय प्रशासनाचा एक अभ्यासक