परदेशातल्या स्वयंसेवेचा अर्ज भरताना

जळगाव

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात जायचं तू मनावर घेतलंस, याचा तुझ्या आईला आणि मला आनंद आहे. धडगावच्या पाड्यांवर जे शिकलीस ते दुसरीकडे कुणाच्या कामी येणार असेल तर खुशाल जा. तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. त्यावर जरा सविस्तर लिहितो.

‘मला समाजसेवेची आवड आहे, मी कुपोषणावर काम केले आहे’ ही वाक्यं काढून टाक, बेटा. अर्ज चाळणारा माणूस जागेच्या अटी समोर ठेवतो आणि एकेका अटीचा पुरावा तुझ्या लिखाणात शोधतो. आवड त्याला मोजता येत नाही, काम मोजता येतं. म्हणून असं लिही: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर मी दर महिन्याला पट्टीने मोजत होते, ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरलेलं मूल अतितीव्र कुपोषित धरून अंगणवाडीताई आणि आशाताईंबरोबर त्याला ग्राम बाल विकास केंद्रात दाखल करत होते, ११.५ ते १२.५ मधल्या मुलांच्या घरी पुन्हा जात होते. पाडे किती, मुलं किती, वजन किती जणांचं वाढलं, हे रजिस्टर उघडून लिही, आठवणीने नको. मुलाखतीत नेमका तोच आकडा विचारला की अंदाज उघडा पडतो. आणि आपल्याकडे चांगलं काम सांगताना ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय असते. इथे तुझ्या वाट्याचं काम कोणतं ते कळायला हवं, तेव्हा ‘मी’ लिहायला संकोचू नकोस.

पावरी बोलता येते हे तू लिहिलंच नाहीस! ते लिही, अहिराणीही लिही. लोकांची बोली शिकून काम केलं, हे त्यातून दिसतं. इंग्रजीची पातळी मात्र आहे तेवढीच सांग. राष्ट्रीय सेवा योजनेची दोन वर्षांची २४० तासांची नोंद आणि सात दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्रही जोड.

जागा निवडताना वय बघ. युवा गट १८ ते २६ वर्षांचा आहे. त्यावरच्या ‘स्पेशालिस्ट’ गटाला २७ पूर्ण लागतात आणि निदान तीन वर्षांचा अनुभव, म्हणजे त्या जागांवर आत्ता वेळ घालवू नकोस. युवा गटातल्या परदेशातल्या बऱ्याच जागांचा खर्च एखादा देश उचलतो आणि त्या फक्त त्याच देशाच्या नागरिकांसाठी असतात. जाहिरातीतली नागरिकत्वाची अट आधी वाच, काम नंतर. माझं मत विचारशील तर भारतातल्या युवा जागांनाही अर्ज कर. तिथला अनुभव पुढे परदेशातल्या जागेसाठी धरला जातो.

आता कागदपत्रं. खरी अडचण इथेच येते. तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग माझं नाव आहे. आधारवर नाव आधी. पासपोर्टला दोनच रकाने: एक आडनावाचा, दुसऱ्यात तुझं नाव आणि माझं नाव एकत्र. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर टाक. पदवीच्या प्रमाणपत्रावर स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त असेल तर विद्यापीठाकडून आत्ताच दुरुस्त करून घे. निवड झाल्यावर तेवढा वेळ मिळत नाही.

पासपोर्टसाठी सध्या प्रत्यक्ष राहतेस तोच पत्ता दे. पत्ता घरचा दिलास आणि तू धडगावला असलीस, तर पोलीस घरी येऊन ‘मुलगी इथे राहत नाही’ असा शेरा मारतात आणि फाईल अडकते. पोलीस क्लिअरन्सलाही हेच लागू. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने चालणारा असावा.

संदर्भासाठी नातेवाईक चालत नाहीत. ज्यांच्या हाताखाली काम केलंस त्यांची नावं दे, आणि देण्याआधी फोन करून विचार. आपल्याकडचे कितीतरी सर ईमेल उघडतच नाहीत. चौकशीचं पत्र तसंच पडून राहतं आणि उमेदवाराला वाटतं, आपण नापास झालो. रोज बघतात तोच ईमेल लिही.

मुलाखतीची वेळ कुठली ते नीट बघ. नैरोबीचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेबारा. त्या दिवशी धडगावच्या लाईट आणि रेंजवर विसंबू नकोस, आदल्या दिवशीच घरी ये. प्रश्न बहुतेक ‘अमुक अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलं?’ अशा धाटणीचे असतात. प्रसंग, तुझं काम आणि त्याचा परिणाम, या क्रमाने उत्तर दे.

पैशांचं म्हणशील तर अर्ज, मुलाखत, निवड, कशालाही फी नाही. फी मागणारा फसवतोय असंच धर, पत्रावर संयुक्त राष्ट्रांचा निळा शिक्का असला तरी. मिळतो तो पगार नव्हे, निर्वाह भत्ता; विमा आणि प्रवासखर्च त्यांचा. कुणी पैसे घेऊन ‘टुरिस्ट व्हिसावर चल, सेवा कर’ म्हणालं तर जायचं नाही. बऱ्याच देशांत त्या व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही.

निवड झाली की वैद्यकीय तपासणी होते. तुझा दमा लपवू नकोस. केनिया, युगांडासारख्या देशात जायचं तर पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. ती ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तेव्हा मुंबईची फेरी धर. अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथे आधी सांगायचं. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं. ते २०१६ पासून आयुष्यभर चालतं, पण हरवलं तर परत येताना विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

करारपत्र आणि व्हिसा दोन्ही हातात आल्याशिवाय नोकरीचा राजीनामा द्यायचा नाही.

मार्कशीट आणि पदवीचं प्रमाणपत्र आईच्या कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये आहे. सुधारलेला मसुदा पाठव, मी पुन्हा वाचतो.

तुझे,
बाबा