बाबा, गोळी बंद करायची नाहीये

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, काल फोनवर चिडले त्याबद्दल सॉरी, पण तुम्ही इतकं सहज सांगितलंत की मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि समोरचे काका म्हणाले म्हणून दोन दिवस रक्त पातळ करायची गोळी घेतली नाही, मला घामच फुटला. काकांना गोळी बंद करायला सांगितली होती ती हर्नियाच्या वेळी, आणि त्यांच्या हृदयात काही तुमच्यासारखी धातूची झडप नाहीये ना! त्या झडपेवर गुठळी धरली तर ती मेंदूकडे जाऊ शकते, पॅरालिसिस होतो. त्यामुळे आजच हार्टच्या डॉक्टरांना फोन करा, आणि मनानेच डबल गोळी घेऊ नका प्लीज.

मोतीबिंदूला काप जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा असतो, तोही बहुतेक वेळा कॉर्नियाला, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याला, आणि तिथे रक्तवाहिन्याच नसतात, मग रक्त येणार कुठून? म्हणून साध्या मोतीबिंदूला ही गोळी बहुतेक चालूच ठेवतात. खरी भीती असते ती भुलेच्या इंजेक्शनची, सुई डोळ्यामागे जाते तिथे रक्तस्राव झाला तर डोळ्यावर दाब येतो. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिलं हेच विचारा की भूल नुसत्या थेंबांनी देता येईल का, आणि झडपेचं कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवा, खिशात नको.

आई, तू एक कर. बाबा कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी आयएनआरचे, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्या तपासणीचे, आकडे लिहितात ना, त्या पानाचा फोटो पाठव. मागचा २.९ होता, बाबांच्या झडपेला २.५ ते ३.५ मध्ये हवा असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशनच्या आधी परत तपासून घ्यायचाय, ३.५ पेक्षा जास्त आला तर तारीख पुढे गेली तरी चालेल. आणि रक्त वाढावं म्हणून आत्ताच रोज मेथी-पालक सुरू करू नकोस गं, नेहमी करतेस तेवढंच कर, पालेभाजीने त्या गोळीचा असर कमी होतो. गुडघ्याची तुझी पेनकिलर त्यांना अजिबात द्यायची नाही.

हो, आणि बाबांची ती लघवीची, प्रोस्टेटची गोळी! लाजून लपवतील ते. तिने ऑपरेशनमध्ये बाहुली नीट मोठी होत नाही, डॉक्टरांना आधी माहीत असलं की ते तयारीत राहतात. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतेय, फाइल मीच घेऊन बसेन.

तुमची,
मनू