किल्लीचा दिवा जळतो म्हणजे इंजिन बिघडले असे नव्हे

संपादक महोदय,

पावसाळा लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून आणि इकडे निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातूनही टोचन लावून बेळगावच्या गॅरेजात आणलेल्या गाड्या वाढतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे इंजिन ठणठणीत असते. तक्रार एकसारखी असते: मीटरवर मोटारीच्या चित्रात किल्ली किंवा कुलूप असलेला दिवा जळत राहतो, सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण गाडी चालू होत नाही, किंवा चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडते. दिवा एवढेच सांगत असतो की गाडीला किल्लीची ओळख पटलेली नाही. ती का पटली नाही हे शोधायला घरच्या अंगणात पंधरा-वीस मिनिटे पुरतात. तेवढे न करता कोणी इंजिनचा संगणक (ईसीएम) बदलतो, कोणी चोरीरोधक यंत्रणाच (इमोबिलायझर) काढून टाकतो. गाडीवाल्यांचे पैसे आणि गाडीची सुरक्षा दोन्ही वाचावे, म्हणून हे सविस्तर पत्र.

यंत्रणा समजली की निम्मे काम होते. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. स्टिअरिंगखालच्या किल्लीच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची गोल कॉइल बसवलेली असते. किल्ली ऑन केली की ही कॉइल बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, त्या लहरींवरच चिप जागी होते आणि आपला सांकेतिक क्रमांक पाठवते. तो जुळला तरच ईसीएम इंजेक्टरला पेट्रोल किंवा डिझेल सोडू देतो. कॉइलचा पल्ला जेमतेम काही सेंटीमीटरचा. दरवाजे उघडणारा रिमोट हा याच किल्लीत असला तरी वेगळा भाग आहे. त्याला सीआर २०३२ किंवा तसला चपटा सेल लागतो. म्हणून रिमोटचा सेल संपला तर दरवाजे बटणाने उघडणार नाहीत, पण कुलपात किल्ली घालून फिरवायची गाडी त्यामुळे अडत नाही. रिमोटचा सेल बदलूनही गाडी चालू होईना म्हणून घाबरणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

आता दिवा कसा वाचायचा. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर तो दिवा एक-दोन सेकंदांच्या अंतराने लुकलुकत असेल तर यंत्रणा पहाऱ्यावर आहे, काळजी नाही. किल्ली ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद जळून विझला तर किल्ली ओळखली गेली. ऑन केल्यावर तो जळतच राहिला किंवा भराभर लुकलुकू लागला तर ओळख पटलेली नाही. आणि सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नसेल, नुसता टकटक आवाज येत असेल, मीटरचे सगळे दिवे मंद होत असतील, तर आधी बॅटरीकडे जा, किल्लीकडे नंतर. हा शेवटचा फरक न केल्यामुळे सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

पहिला उपाय फुकटचा आहे. गाडी बंद करा, किल्ली बाहेर काढा. तिच्या कड्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली, लोखंडी जाड कडे, चुंबकाची किचेन असेल तर सगळे सोडवा आणि निदान फूटभर लांब ठेवा. दोन चिपा कॉइलजवळ आल्या की दोन्हींची उत्तरे एकमेकांत मिसळतात. जाड धातू कॉइलच्या लहरी अडवतो. मिनिटभर थांबून नुसती किल्ली घाला, ऑन करा, दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच सेल्फ मारा. घाईत ऑन आणि सेल्फ एकदम फिरवायची सवय असते, ती सोडावी.

यानेही झाले नाही तर घरातली दुसरी किल्ली आणा. दुसरीने गाडी चालू झाली तर दोष पहिल्या किल्लीत आहे, गाडीत नाही; ईसीएमला हात लावायचे कारण उरत नाही. दोन्ही किल्ल्यांनी तोच दिवा जळत असेल तर दोष कॉइल, तिचा कनेक्टर, फ्यूज, वायरिंग किंवा बॅटरीत असण्याची शक्यता जास्त.

पहिल्या किल्लीतला दोष बहुधा बाजारातून बसवलेल्या नव्या केसिंगमुळे येतो. बटणे फाटली, डोके तुटले की लोक फ्लिप किल्लीचे (पाते घडी होणाऱ्या किल्लीचे) रिकामे केसिंग विकत घेतात. दुकानदार पाते कापून देतो, रिमोटची पट्टी नव्या केसिंगमध्ये बसवतो आणि जुने केसिंग कचऱ्यात जाते. चिप त्या जुन्या केसिंगमध्येच राहिलेली असते. ती काळ्या प्लास्टिकची पाचर किंवा काचेची नळी असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, आणि वेगळ्या कप्प्यात दाबून बसवलेली असल्यामुळे चटकन दिसत नाही. काही गाड्यांत ती रिमोटच्या पट्टीवरच असते, काहींत नसते. म्हणून केसिंग बदलताना जुने डोके आपल्या हातात परत मागून घ्या आणि नव्या किल्लीने गाडी चालू होईपर्यंत फेकू नका. नवीन केसिंगमध्ये चिप हलत असेल तर ती नीट घट्ट बसवून घ्या. काचेची नळी जमिनीवर आपटली तर फुटते आणि मग नवी चिप गाडीत नोंदवण्याशिवाय मार्ग नाही.

बॅटरीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण सीमाभागात तिचे कारण ठरलेले आहे. घरचा माणूस पुण्या-मुंबईला, गोव्याला किंवा सैन्यात. गाडी गावी पडवीत उभी. बंद गाडीही सुरक्षा यंत्रणा, घड्याळ, रेडिओची स्मृती यांसाठी थोडा करंट घेत राहते. तो ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या आसपास खर्च होतो. लहान पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरीसुद्धा तीन-साडेतीन आठवड्यांत निम्म्यावर येते, तीन-चार वर्षांची असेल तर त्याआधीच. मग सणाला माणूस घरी येतो, किल्ली फिरवतो, सेल्फच्या ओढीने व्होल्टेज खाली कोसळते, ईसीएम अर्धवट झोपी जातो, किल्लीची तपासणी पुरी होत नाही आणि चोरीरोधक दिवा जळतो. दिवा किल्लीचा, दोष बॅटरीचा.

मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना दुसऱ्याने पाहावे: ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवे. येत नसेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, पुसून कोरडे करा, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. हाताने क्लॅम्प फिरत असेल तर तो सैल आहे, भुकटी नसली तरी.

दुसऱ्या गाडीवरून करंट देताना तांबडी वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला; काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. वायर उलटी लागली तर ईसीएम खरोखरच जळू शकतो. आणि चार माणसे लावून गाडी ढकलण्याचा उपयोग बॅटरी थोडीच कमी असताना, गिअरच्या गाडीत होतो. किल्लीचा दिवा जळत असेल तर इंजेक्टर बंदच असतात. चोर्ला घाटाच्या चढावर ढकलून नुसता दम लागतो.

बॅटरी आणि किल्ली दोन्ही चांगल्या असतील तर फ्यूज पाहा. झाकणाच्या आतल्या तक्त्यात जागा दिलेली असते. जळालेला फ्यूज जितक्या अँपिअरचा तितक्याचाच बसवा. ऊसपट्ट्यात आणि शेतघरांपाशी उंदरांनी वायर कुरतडणे नित्याचे, तेव्हा बॉनेटखालचे हार्नेस (वायरींचे जुडगे) हाताने चाचपून पाहा. खानापूर भागात पावसाचे पाणी काचेखालच्या जाळीतून डॅशबोर्डमागे उतरते आणि कनेक्टरच्या पिनांना हिरवट गंज धरतो. कनेक्टर सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की काही वेळा तेवढ्यावर भागते. यानंतर मात्र गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. पी ०५१३ हा कोड चुकीच्या किल्लीचा, पी ०६३३ म्हणजे किल्ली ईसीएममध्ये नोंदलेली नाही, यू ०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या पेटीशी संपर्क तुटला. शेवटचा कोड असेल तर वायरिंग आणि त्या पेटीचा विद्युतपुरवठा तपासायचा, किल्ली बनवायची नाही. मिस्त्रीने कोणता कोड आला हे कागदावर लिहून द्यावे, असा आग्रह प्रत्येकाने धरावा. कोड न दाखवता ईसीएम बदलायला सांगितला तर दुसरीकडे दाखवा. जुन्या बाजारातला ईसीएम तर तसाच बसवून चालत नाही, कारण त्यात दुसऱ्या गाडीच्या किल्ल्या नोंदलेल्या असतात.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपला की ‘किल्ली सापडत नाही’ अशा अर्थाची सूचना येते. तेव्हा रिमोट बटणालाच टेकवून ब्रेक (गिअरच्या गाडीत क्लच) दाबावा. ह्युंदाईत रिमोटनेच बटण दाबायचे, टोयोटात रिमोटची चिन्हाची बाजू बटणाला लावायची. काही गाड्यांत रिमोट ठेवायची खास जागा असते, ती पुस्तिकेत पाहून ठेवा. रिमोट मोबाईलला किंवा वायरलेस चार्जरला चिकटून ठेवू नका. घाटात मोबाईलला रेंज नसते, तेव्हा हे आधीच माहीत असलेले बरे.

मोबाईलवर एक व्हिडिओ फार फिरतो: किल्ली ऑन करून दहा मिनिटे बसा, बंद करा, असे तीनदा करा, दिवा जातो. हा उपाय खरा आहे, पण जनरल मोटर्सच्या ठरावीक अमेरिकी गाड्यांचा. त्यांच्या पासलॉक यंत्रणेत चिप नसते, कुलपातला सेन्सर असतो आणि ईसीएम नवा संकेत असा शिकतो. आपल्याकडच्या चिपवाल्या गाडीत अर्धा तास किल्ली ऑन ठेवली तर आधीच अशक्त असलेली बॅटरी पुरती बसते.

बाहेरून बसवलेल्या अलार्मचा दिवा वेगळा, तो बहुधा डॅशबोर्डवर चिकटवलेला निळा किंवा तांबडा ठिपका असतो. या अलार्मचा रिले (विजेवर चालणारा स्विच) इग्निशन किंवा सेल्फची वायर तोडतो, आणि टेप गुंडाळलेले जोड दोन-तीन पावसाळ्यांत सैल होतात. त्याच्या जुन्या रिमोटला २३ए किंवा २७ए हा १२ व्होल्टचा सेल लागतो.

आता ‘इमो ऑफ’. ईसीएममधली चोरीरोधक नोंदच पुसायची, किंवा चालू चिप कॉइलजवळ कायमची चिकटवून टाकायची, असे हे काम स्वस्तात होते आणि गाडी लगेच चालू होते. त्यानंतर त्या कुलपात बसणारी कोणतीही कापलेली किल्ली गाडी पळवू शकते. वॉरंटी धोक्यात येते आणि गाडी चोरीला गेलीच तर विमा कंपनीसमोर उत्तर द्यावे लागते. चोरीच्या दाव्यात कंपन्या सहसा सगळ्या मूळ किल्ल्याही मागतात. कारागीर बांधवांना आमची कळकळीची विनंती आहे की मालकाला हे सगळे सांगितल्याशिवाय असे काम करू नये. वायर किंवा चिपचा खरा दोष सापडत असताना तर मुळीच करू नये.

कोल्हापूर, सांगली किंवा गोव्याची जुनी गाडी घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दोन्ही किल्ल्यांनी गाडी चालू करून पाहावी आणि किल्लीच्या क्रमांकाचा बिल्ला मागून घ्यावा. नवी किल्ली नोंदवताना अधिकृत सेवा केंद्र आर. सी. आणि ओळखपत्र पाहते. गाडी एम. एच. ०९ च्या (कोल्हापूरच्या) जुन्या मालकाच्या नावावर, तुम्ही के. ए. २२ चे (बेळगावचे), आणि एन. ओ. सी. चा, म्हणजे ना-हरकत दाखल्याचा, फॉर्म २८ अजून कपाटात, अशा स्थितीत काम अडते. म्हणून हस्तांतर आधी पुरे करा. किल्ली हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून पावती घ्या. नवी किल्ली नोंदवायला जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. अनेक गाड्यांत नव्याने नोंद करताना समोर नसलेल्या जुन्या किल्ल्या बाद होतात.

शेवटी विक्रेत्यांकडे एक मागणी. गाडीची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि इथला गिऱ्हाईक मराठी किंवा कानडी बोलतो. गाडी ताब्यात देताना हार-नारळाबरोबर पाच मिनिटे काढून हा दिवा, रिमोट टेकवायची जागा आणि फ्यूजची पेटी गिऱ्हाइकाच्या भाषेत दाखवावी. किल्लीचा क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून द्यावा आणि तो गाडीत नव्हे तर घरी ठेवायला सांगावे.

आपले,
गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे काही कारागीर,
उद्यमबाग, बेळगाव